सत्तेचाळीस आंबे आणि एक अवाढव्य मूळ संख्या

देवगडला काकांच्या मांगरात चार डझनांची पेटी भरत होतो. पेंढा, त्यावर सहा-सहाच्या चार ओळी, पुन्हा पेंढा, वर तसाच दुसरा थर. शेवटच्या ओळीत एक जागा रिकामी. "एक आंबो खंय गेलो रे?" काकांनी विचारलं. पुतण्याच्या हनुवटीवर रस होता, त्यामुळे उत्तर शोधावं लागलं नाही.

अठ्ठेचाळीस आंबे कसेही मांडा, सारख्या ओळी होतात. सत्तेचाळीसच्या होत नाहीत. एकच लांबलचक रांग. म्हणजे 47 ही मूळ संख्या. इतपत बोटांवर कळतं. पण 2,14,74,83,647 आंबे असते तर? (योगायोग बघा, शेवटी इथंही सत्तेचाळीसच!)

ही संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात, वजा एक. संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, लिहिली तर ओळीनं एकतीस एक. असे पंधरा एक असते तर तीन-तीनचे गट पडले असते, आणि 111 म्हणजे 7 नं ती संख्या भागली गेली असती: 32,767 म्हणजे 7 गुणिले 4,681. म्हणून घातांक मूळ हवाच. पण तेवढ्यानं भागत नाही. 11 मूळ आहे, तरी 2 चा 11 वा घात वजा एक, म्हणजे 2,047, हा 23 आणि 89 यांचा गुणाकार निघतो.

आता हे 23 आणि 89 नीट बघा. दोन्हींना 22 नं भागलं की बाकी 1. हा अपघात नाही. घातांक 11 असेल तर प्रत्येक मूळ विभाजक 22 च्या पटीपेक्षा एकनं जास्त असतो. घातांक 31 असेल तर 62 च्या पटीपेक्षा. शिवाय त्याला 8 नं भागल्यावर बाकी 1 किंवा 7 च उरते. आपल्या संख्येचं वर्गमूळ 46,340 च्या जरा पुढं; विभाजक असलाच तर एक तरी त्याच्या आत सापडायला हवा. तिथवर या दोन्ही चाळण्यांतून पावणेचारशेही संख्या खाली पडत नाहीत. गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरनं 1772 मध्ये आपली संख्या मूळ असल्याचं कळवलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. आम्हाला मोबाइलशिवाय पाढेसुद्धा आठवत नाहीत.

जवळपास शंभर वर्षं याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती. आज विक्रम 2 च्या 13,62,79,841 व्या घातातून एक वजा केलेल्या संख्येकडे आहे. 2024 मध्ये सापडलेल्या या संख्येत चार कोटी दहा लाखांहून जास्त अंक आहेत.

ऑयलरची संख्या मात्र बऱ्याच जुन्या संगणकांच्या घड्याळात बसलेली आहे. ती घड्याळं 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांत, म्हणजे 0 किंवा 1 च्या 32 जागांत, मोजतात. त्यांतला एक बिट अधिक-उणे चिन्हाला गेला की उरतात एकतीस. ते सगळे एक झाले की पुढं जागा नाही. आपल्याकडे तो क्षण येईल 19 जानेवारी 2038 ला, सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होईल आणि दुरुस्त न केलेलं यंत्र थेट 1901 सालात जाऊन बसेल. त्या मंगळवारी काकांच्या बागेत मोहर असेल.