वाळवंट, रणगाडा आणि वरणगावची काडतुसं

भुसावळवरून रणगाडे लादलेली लष्करी गाडी गेली की बघणारे तोफेच्या नळीकडे बघतात. जवळच वरणगावच्या आयुध निर्माणीत बनतात ती मात्र रायफल-मशीनगनची 5.56 आणि 7.62 मिलिमीटरची काडतुसं. एवढ्याशा गोळीला रणगाड्यांच्या लढाईत काय काम, असं वाटणं साहजिक आहे. ते काम कळायला उत्तर आफ्रिकेपासून सुरुवात करावी लागते.

20 जून 1942. लिबियातल्या टोब्रुकच्या आग्नेय बाजूला 11व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण मोर्चे धरून होती. रणगाडे अडवायचा खंदक जागोजागी वाळूनं भरला होता, बरेच सुरुंग आधीच काढून दुसरीकडे नेलेले. जर्मन सेनापती रोमेलनं रणगाडे थेट घुसवले नाहीत. आधी विमानांचा मारा, मग सुरुंग काढणारे सॅपर आणि पायदळ, वाट मोकळी झाल्यावर रणगाडे. पहिला घाव मराठ्यांच्याच मोर्च्यांवर बसला आणि दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात इजिप्तमधल्या एल अलामीनला उलटं घडलं. ‘स्नाइप’ नावाच्या ठाण्यावर वेढल्या गेलेल्या ब्रिटिश पायदळानं सहा-पाउंडी रणगाडाभेदी तोफांनी तीसहून जास्त रणगाडे निकामी केले.

लोंगेवालाची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते, पण तिच्यातल्या तारेच्या कुंपणाकडे फारसं कुणी बघत नाही. डिसेंबर 1971 मध्ये मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याकडे सुमारे 120 जवान होते आणि रणगाड्यांवर चालतील अशा रिकॉइललेस तोफा (डागल्यावर मागं धक्का न देणाऱ्या हलक्या तोफा) जेमतेम एक-दोन. पाकिस्तानी तुकडी काटेरी तारेपाशी आली आणि पुढं सुरुंग असतील या धास्तीनं थबकली. त्या खोळंब्यात पहाट झाली. रात्री मारा करू न शकणारी हंटर विमानं जैसलमेरहून आली आणि मऊ वाळूत रुतलेले रणगाडे त्यांना उघड्यावर सापडले.

1967 मध्ये अरब देशांवर मिळवलेल्या झटपट विजयानंतर मात्र इस्रायलला वाटू लागलं की एकटा रणगाडाच पुरे. 6 ऑक्टोबर 1973 ला सुएझ कालवा ओलांडलेल्या इजिप्शियन पायदळाकडे ‘माल्युत्का’ ही रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं होती. पल्ला तीन किलोमीटर, मागं बारीक तार, तिच्यातून चालवणारा त्याला वळवत असे. अगदी जवळच्या रणगाड्यावर माल्युत्का चालत नसे, तिथं खांद्यावरून डागायचं आरपीजी-7. आठ तारखेला इस्रायली रणगाडे पुरेशा पायदळाशिवाय आणि तोफखान्याशिवाय चालून गेले आणि सडकून मार खाल्ला.

उपाय सापडला तो जाड पोलादात नव्हे. लांबचं लक्ष्य गाठायला माल्युत्काला वीस-पंचवीस सेकंद लागत आणि तेवढा वेळ चालवणाऱ्याला जॉयस्टिक धरून, लक्ष्यावरची नजर न हलवता बसावं लागे. डागल्याचा धूर दिसला की त्या दिशेला मशीनगन आणि उखळी तोफांचा भडिमार करायचा. गोळी त्याला लागलीच पाहिजे असंही नाही. कानाजवळून गेली तरी हात हलतो. साध्या काडतुसाचं काम हेच, आणि ते करायला रणगाड्यासोबत पायदळ हवंच.

1987 मध्ये चाडच्या सैनिकांनी टोयोटा पिकअपवरून मिलान ही रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं डागून लिबियाचे रणगाडे जाळले. 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकी रणगाड्यांच्या उष्णतादर्शी दुर्बिणींनी वाळूच्या वादळातूनही इराकी रणगाडे हेरले.

उष्णता ओळखणारा हा डोळा आपल्या ‘नाग’ या रणगाडाभेदी क्षेपणास्त्रालाही आहे, पण पोखरणच्या भर उन्हात तो अडखळला. मे महिन्यात जळगावात पत्रा, दगड, माती सगळं सारखंच भाजत असतं. तशा तापलेल्या जमिनीवर उभा रणगाडा वेगळा काढणं त्याला जमेना. सुधारणांत बरीच वर्षं गेली. ऑक्टोबर 2020 मध्ये पोखरणलाच खऱ्या स्फोटकासह अखेरची चाचणी झाली.

नाग डागल्यावर त्याला वाट दाखवत बसावं लागत नाही. म्हणजे धूर दिसल्यावर मशीनगन चालवण्याची 1973 ची युक्ती इथं फारशी उपयोगाची नाही. डागणाऱ्याला आता डागण्याआधीच गाठावं लागतं, आणि झुडपांत, टेकाडांमागं त्याला हुडकत फिरणं रणगाड्याच्या आवाक्यातलं काम नव्हे.