गूगल शोधतं, चॅटजीपीटी रचतं

सरकारी कचेरीत एआयचं प्रशिक्षण झालं, की दुसऱ्या दिवसापासून एक वाक्य हमखास कानावर येतं: 'चॅटजीपीटी म्हणजे सुधारलेलं गूगलच की!' मंत्रालयापासून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसापर्यंत हेच. प्रशिक्षकही मान डोलावतात, याचा जास्त राग येतो.

गूगल सर्च तुम्हाला ठाऊक आहे. कुठेतरी आधीच असलेली पानं ते समोर आणतं. पान जुनं असेल, चुकीचंही असेल, पण कुणीतरी ते तिथे ठेवलेलं असतं. चॅटजीपीटीसारखा बॉट गप्पा मारतो, मराठीत उत्तर देतो, हे वरवरचे फरक सोडून द्या.

खरी मेख अशी: बॉटच्या पोटात शासन निर्णयांचं, म्हणजे जीआरचं, कपाट नाही. अफाट मजकुरावरून तो एवढंच शिकलाय, की अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त. रजेबद्दल विचारा, 'महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१' हे नाव तो बहुधा बरोबर सांगेल, कारण ते असंख्य ठिकाणी छापलेलं आहे. मग म्हणा, 'याचा जीआर दे.' विभाग, 'संकीर्ण', 'प्र.क्र.', तिरक्या रेघा, कार्यासन, तारीख... सगळा थाट जीआरचा. तसा जीआर निघालेला असेलच असं नाही! जीआरचा क्रमांक दिसतो कसा, हे त्याला पक्कं माहीत असतं. नेमका कोणता, ते नसतं. आणि ठाऊक नाही म्हणायची त्याला फारशी सवय नाही. असा क्रमांक टिपणीत गेला, की नस्ती (फाइल) परत येते आणि बोलणी सहायक कक्ष अधिकारी खातो.

अस्सल जीआरच्या शेवटी १८ अंकी सांकेतांक असतो. सुरुवातीचे आठ अंक वर्ष-महिना-दिवसाचे, शेवटचे दोन विभागाचे: सामान्य प्रशासन ०७, वित्त ०५. बॉट हाही रचून देऊ शकतो. म्हणून तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहायचा. पीडीएफ उघडली तर जीआर आहे.

'पण आता तो वेबवर शोधून लिंकही देतो!' देतो. मग ती उघडा ना. न उघडताच टिपणीत डकवणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

गोपनीय नस्ती किंवा अर्जदाराचा आधार क्रमांक बॉटमध्ये टाकू नये, हे वेगळं सांगायला नको. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक टाळा असं बजावलं, ते याच धास्तीने.

रचायचं काम असेल, तर मात्र मी बिनदिक्कत बॉटकडे जाईन. 'उपरोक्त विषयान्वये' छाप पत्र अर्जदाराला कळेल असं करून घ्या. लांबलचक जीआर देऊन मुद्दे काढून घ्या, आणि परिच्छेद क्रमांकासकट मूळ प्रतीशी ताडून पाहा. आधी रकमा आणि तारखा, मग अपवाद. 'वगळून'ने सुरू होणारी ओळ सारांशात सहज गळते.