लेन्सला फुटलेला घाम

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलो होतो, गाडीत एसी लावून. सड्यावर पाण्याच्या पातळ थरात सीतेची आसवं फुललेली. गुडघे टेकले, कॅमेरा डोळ्याला लावला, तर समोर सगळं दुधाळ. धुकं आलं म्हणून मान वर केली, तर धुकं नाही, पाऊसही नाही. लेन्सवरच वाफ धरली होती.

पावसाळ्यात आपण थेंबांना भितो. कॅमेऱ्याला खरा त्रास देतं ते न दिसणारं पाणी. २० अंशांना एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम बाष्प मावतं, ३० अंशांना ३० ग्रॅम. हवा गार होत गेली की एका तापमानाला तिला आहे तेवढं बाष्पही पेलत नाही, तो दवबिंदू. पठारावर २२ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता धरली, तर दवबिंदू येतो २१च्या आसपास. माझी लेन्स एसीत राहून १८ला आलेली. गार ताकाच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा तिलाही फुटला.

मी रुमालाने पुसत बसलो. पुसलं की पुन्हा वाफ, कारण काच अजून गारच. वर रुमालातल्या धुळीने काचेवर चरे पडायची भीती. खरं तर घाट लागतानाच एसी बंद करायचा, किंवा उतरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि बाहेर आल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. वाफ धरायचीच तर पिशवीवर धरते.

थेंबांचा बंदोबस्त त्यामानाने सोपा. आपल्याकडे भातलावणीला डोक्यावर पोत्याची खोळ घेतात, तशीच कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची खोळ. लेन्सपुरतं भोक आणि वर रबरबँड. महागड्या कॅमेऱ्यांच्या सांध्यांना रबराच्या कडा असतात, पण त्यावर कमी दर्जाची लेन्स लावली की तिथूनच पाणी शिरतं. मोबाइलवरचं ‘आयपीएक्स ४’ म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून बचाव. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. तेही नव्या कोऱ्या मोबाइलपुरतं. एकदा पडून कड उचकटली की त्या आकड्याला अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. झूम करताना जी लेन्स लांब होते, ती सायकलच्या पंपासारखी हवा आत ओढते. कासची ती ओली हवा आत घेऊन माझी लेन्स घरी आली आणि चामड्याच्या पाकिटात, लाकडी कपाटात महिनोन् महिने पडून राहिली. पुढे एकदा टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. बुरशी! तिला वाढायला ६०-६५ टक्क्यांवरची आर्द्रता, अंधार आणि कोंदट हवा लागते. कपाटात तिन्ही होतं. ती आम्ल सोडते, त्याने काचेवरचा लेप खरवडल्यासारखा होतो. बुरशी पुसून निघते, हा डाग नाही.

आता कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत. (तांदळात ठेवून काही होत नाही, पीठ तेवढं बटणांत जातं.) माझे नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवे होतात, मग तापवून पुन्हा नारिंगी करायचे. त्यासाठी मोडीत निघालेली एक कढई वेगळी ठेवली आहे, कारण पहिल्या खेपेला घरातली चांगली कढई घेतली होती आणि आईने ती चार वेळा घासून घेतली.