बायबलमधलं नाव म्हणजे घर धार्मिकच?

अमेरिकेत बाळाचं नाव ‘नोआ’ असं बायबलमधलं ठेवलं की आईबाप चर्चला जाणारे असणार, असं बरेच जण धरून चालतात. आकडे मात्र वेगळंच सांगतात.

तिथल्या सोशल सिक्युरिटी खात्याच्या बाळांच्या नावांच्या यादीत नोआ 1960 मध्ये पहिल्या तीनशेतही नव्हतं. 2013 ते 2016 मात्र मुलांच्या नावांत तेच अव्वल. नेमक्या याच काळात लोक चर्चपासून दूर जात होते: गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीनुसार चर्चचे सदस्य असणाऱ्या प्रौढांचं प्रमाण 1999 मध्ये 70 टक्के होतं, 2020 मध्ये 47 वर आलं. श्रद्धाच कारण असती तर आलेख उलटा दिसायला हवा होता.

मग ओढ कशाची? बरीचशी कानाची. नोआ, एझ्रा, लीव्हाय ही नावं छोटी, मऊ, स्वरावर संपणारी. जुनी आहेत, पण आजोबांच्या पिढीत फारशी वापरली न गेल्यामुळे शिळी वाटत नाहीत. मेरीचं नेमकं उलटं झालं. 1880 पासून 1946 पर्यंत सलग पहिला क्रमांक, आणि आता पहिल्या शंभरातही नाही. येशूच्या आईचं नाव असूनही!

धर्माचा काहीच संबंध नाही, असंही नव्हे. सतराव्या शतकातल्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांनी, बायबलच्या जुन्या करारातली नावं मुद्दाम, श्रद्धेनंच निवडली. पण काही नावांचं मूळ लोकांच्या लक्षातही येत नाही: ‘जेम्स’ हे ‘जेकब’चंच, म्हणजे याकोबाचंच, बदललेलं रूप. आणि ‘नेव्हेया’ (Nevaeh)? ऐकायला बायबलमधलं वाटतं, पण ते ‘हेवन’ (heaven, म्हणजे स्वर्ग) या इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटी लिहून बनवलेलं आहे.