अहो ते घुबडाचं पिल्लू नाही, पिंगळा आहे!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षातून दोनतीनदा एक फोटो येतोच येतो. झूम करून करून फाटलेला, मागे कोणाचं तरी ग्रिल, ग्रिलवर वाळत घातलेला टॉवेल आणि पाइपवर बसलेलं मुठीएवढं घुबड, डोळे वटारलेले. खाली मेसेज, घुबडाचं पिल्लू आलंय आमच्याकडे, आई कुठे दिसत नाही, काय करू? मग अर्धे लोक लक्ष्मी आली म्हणून हात जोडतात, अर्धे म्हणतात आधी हाकला, आणि एखादी काकू वाटीत दूध ठेवून मोकळी होते.

तर मुलुंडला वीस वर्षं राहून आणि दर वेळी तेच तेच टाइप करून आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय. ते पिल्लू नसतं. तो पिंगळा असतो, पूर्ण वाढलेला, लग्न झालेला, बहुतेक वेळा बायको पलीकडच्या पाइपवर बसलेली असते फक्त तुमच्या फोटोत येत नाही. पिंगळा ही घुबडाची वेगळी जातच आहे, लांबी साधारण २१ सेंटिमीटर म्हणजे साळुंकीपेक्षाही जरा कमीच, वजन ११०-१२० ग्रॅमच्या आसपास. याच्यापुढे तो वाढत नाही, कितीही दूध ठेवा.

आणि गंमत अशी की घुबडाचं खरंखुरं पिल्लू समोर आलं की याच लोकांना ते पिल्लू वाटतच नाही.

सी विंगची गोष्ट सांगतो. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि चौथ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमधून रात्री फुसफुस आवाज यायला लागला, चांगला मोठा, सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडल्यासारखा, मधेच थांबायचा आणि परत चालू. पहिल्या रात्री सगळ्यांना वाटलं गॅस लीक आहे, घराघरातले रेग्युलेटर बंद करून झाले. दुसऱ्या रात्री कोणीतरी नाग म्हणालं, आणि चौथ्या मजल्यावर नाग कशाला मरायला जाईल हा प्रश्न एकालाही पडला नाही. सर्पमित्राला बोलावलं. तो जिन्यातच दोन मिनिटं थांबला, ऐकलं आणि हसायलाच लागला. किल्ली मिळवून दार उघडलं तर बाल्कनीत जुन्या कूलरच्या मागे चार पिल्लं, पांढऱ्या लोकरीच्या गोळ्यासारखी, लांबुळका चेहरा, काळे डोळे, आणि चौघं मिळून आमच्याकडे बघून फुत्कार सोडतायत. आमचे सेक्रेटरी अण्णा दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, हे काय भलतंच.

ती गव्हाणी घुबडाची पिल्लं होती. गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांना चारा टाकतात ती जागा, काही जण याला कोठीचं घुबड पण म्हणतात. मुंबईत गोठे उरले नाहीत पण बंद फ्लॅट, पडकी गोदामं, जुन्या इमारतींचे माळे, डक्ट हे सगळं भरपूर आहे आणि उंदरांबद्दल तर बोलायलाच नको, त्यामुळे या घुबडाचं इथे छान चाललंय. मोठं गव्हाणी साधारण ३६ सेंटिमीटर, पाठ सोनेरी करडी, पोट पांढरं, चेहरा बदामाच्या आकाराचा म्हणजे पत्त्यातला बदाम.

त्या चार पिल्लांची उंची एकसारखी नव्हती, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती लहानापासून मोठीपर्यंत लावून ठेवतात ना तशी. त्याचं कारण असं की गव्हाणीची मादी पहिलं अंडं घातल्या घातल्या उबवायला बसते आणि पुढची अंडी दोनतीन दिवसांच्या अंतराने येत राहतात, चार ते सात पर्यंत, त्यामुळे पिल्लंही तशीच मागेपुढे बाहेर पडतात. सगळ्यात थोरलं उडायला आलेलं असतं तेव्हा धाकटं अजून कापसातच असतं. उंदीर कमी पडले तर धाकट्याचं काही खरं नसतं, हे ऐकायला वाईट वाटतं पण आहे ते आहे.

आता मुख्य गोंधळ. लोक साइज बघतात आणि लहान म्हणजे पिल्लू असा हिशोब लावतात. इथे तो हिशोब साफ उलटा आहे. पाचसहा आठवड्यांचं गव्हाणीचं पिल्लू तीनशे ग्रॅमच्या पुढे गेलेलं असतं, म्हणजे प्रौढ पिंगळ्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्या वयात तर ते स्वतःच्या आईबापांपेक्षाही जड असतं, उडायच्या आधी मग बारीक होतं. तुमच्या एसीवर बसलेला छोटा तो बाप्या आहे आणि डक्टमधला ढोल्या तो बाळ आहे.

म्हणून साइज सोडा, डोळे बघा. पिंगळ्याचे डोळे पिवळेधम्मक, वर जाड पांढऱ्या भुवया, त्यामुळे तो कायम कोणावर तरी चिडल्यासारखा दिसतो, आमच्या शाळेतले गणिताचे सर डिट्टो. अंग राखाडी तपकिरी आणि त्यावर पांढरे ठिपके, डोक्यावर पण बारीक ठिपके. गव्हाणीचे डोळे काळे, पिल्लू असो की मोठं, पिवळे कधीच नाही. मोबाइलच्या फाटक्या फोटोत पण एवढं कळतं. बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

वागणं पण वेगळं. पिंगळ्याने तुम्हाला बघितलं की तो खाली वर, खाली वर अशी बैठका मारल्यासारखी मान हलवतो, मग एकदम थांबून टक लावून बघतो. हे तो घाबरून करतोच असं नाही, घुबडाचे डोळे खोबणीत फिक्स असतात, आपल्यासारखे फिरत नाहीत, म्हणून बघायचं ते सगळं डोकं हलवूनच. मान दोन्ही बाजूंना २७० अंशांपर्यंत वळते ती पण त्यासाठीच. गव्हाणीचं पिल्लू मात्र घाबरलं की डोकं खाली घालतं, पंख पसरून मोठं झाल्याचा आव आणतं, डावीकडे उजवीकडे डुलतं आणि चोच वाजवतं टक् टक् टक्. सोबत फुत्कार आहेच. ज्याने आधी बघितलेलं नाही त्याला हे प्रकरण भुताटकीचंच वाटणार, मी दोष देत नाही.

आवाजाचं झालंच थोडं. गव्हाणी हूऽहू करत नाही, हे सांगितलं की लोक मानत नाहीत कारण सिनेमात घुबड दाखवलं की हूऽहू लावलेलं असतं. ते एकतर खरखरीत किंचाळतं नाहीतर फुसफुसतं, आणि पिल्लांचं ते घोरणं म्हणजे मुळात भूक लागलीय, आणा काहीतरी. पिंगळा भांडतो. संध्याकाळी दिवे लागले की चिर्रर्र चिर्रर्र चिवक चिवक असा जोडीने कलकलाट, नवीन माणसाला वाटतं दोन साळुंक्या हाणामारी करतायत. दिवसा पण दिसतो, सकाळच्या उन्हात ढोलीच्या तोंडाशी डोळे मिटून बसलेला असतो. त्याच्यासाठी ते नॉर्मल आहे. गव्हाणी भर दिवसा उघड्यावर बसलेलं दिसलं तर मात्र समजायचं काहीतरी बिनसलंय, बहुतेक कावळ्यांनी हुसकून काढलेलं असतं.

गावाकडे हा गोंधळ कमी, कारण तिथे दोघांना नावं वेगळी आणि धास्ती पण वेगळी. आमचं गाव चिपळूणच्या अलीकडे, आजी पिंगळ्याला घुबड म्हणायचीच नाही. पिंगळा बोलला की ती ऐकायची कुठल्या बाजूला बोलला, त्यावरून दिवस कसा जाणार ते ठरायचं. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या जोश्यालाही पिंगळाच म्हणतात. घुबड म्हटलं की मात्र तिचा आवाज खाली यायचा. दगड मारू नको हो, ते दगड झेलून नदीवर नेतं आणि घासत बसतं, दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. मी लहानपणी हे इतकं मनावर घेतलं होतं की आंबे पाडायला दगड मारतानासुद्धा आधी फांदीवर कोण बसलंय ते बघायचो. अंधश्रद्धा म्हणा, पण आमच्या वाडीतल्या घुबडांना त्याचा फायदाच झाला.

मुंबईत अशा गोष्टी अर्धवटच पोचल्यात, भीती आली आणि दगड न मारायचा भाग गावीच राहिला. सी विंगमध्येच पुढे एकदा जिन्याच्या लँडिंगवर काळपट गोळे सापडायला लागले, अंगठ्याएवढे, चकचकीत, फोडले तर आत केस आणि बारीक हाडं, एकात अख्खी कवटी. करणी केलीय इथपर्यंत विषय गेला, लिंबू कुठे दिसतंय का ते पण शोधून झालं. गव्हाणी उंदीर सहसा अख्खा गिळतं आणि न पचलेले केस, हाडं यांचा गोळा करून तोंडावाटे बाहेर टाकतं, एवढंच ते. पिंगळा पण टाकतो पण त्याचे गोळे छोटे, आत किड्यांच्या पंखांचे चकाकणारे तुकडे जास्त, कारण त्याचं मुख्य खाणं नाकतोडे, भुंगेरे, पतंग, कधी पाल, कधी उंदराचं पिल्लू. रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून किडे टिपतो तो हाच. सोसायटीत उंदरांचं विष टाकणाऱ्यांनी इथे जरा विचार करावा, विष खाऊन झिंगलेला उंदीर या दोघांना सगळ्यात आधी सापडतो.

बरं, पिंगळ्याला पण पिल्लं होतातच की. नोव्हेंबर ते एप्रिल त्यांचा सीझन, ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात तीन ते पाच अंडी. ते पिल्लू साधारण महिनाभराने बाहेर येतं तेव्हा ते आईबापासारखंच दिसतं फक्त शेपूट आखूड, डोक्यावरचे ठिपके पुसट आणि अंगावर कापसाचे पुंजके लटकलेले. म्हणजे पाइपवरचा छोटा कधी कधी खरंच पिल्लू असतो, मान्य, पण त्याच्या अंगावर कापूस दिसला पाहिजे. गुळगुळीत, टापटीप, भुवया चढवून बघणारा असेल तर तो मोठा.

हे वेगळं ओळखायचं कशासाठी, तर पुढे काय करायचं ते त्यावर ठरतं. मोठा पिंगळा पाइपवर बसलाय, मग काहीच करायचं नाही, चहा प्या. पिंगळ्याचं पिल्लू खाली पडलंय आणि धडधाकट आहे तर टॉवेलमध्ये धरून जवळच्या झाडाच्या फांदीवर किंवा उंच कठड्यावर ठेवा आणि लांब व्हा, आईबाप खायला घालतात. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खोटं आहे. गव्हाणीच्या पिल्लाचं तसं नाही, त्यांचे आईबाप जमिनीवर पडलेल्या पिल्लाकडे बहुतेक वेळा बघतही नाहीत, त्यामुळे त्याला परत घरट्यातच ठेवावं लागतं, अगदी तीच जागा. ते जमत नसेल किंवा कोणीही जखमी असेल, संक्रांतीच्या आसपास मांज्याने पंख कापलेले बरेच असतात, तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचं आणि वन विभागाच्या १९२६ ला फोन करायचा, परळला बैलघोडा हॉस्पिटलपण आहे. दूध नाही, पाव नाही, चोचीत पाणी ओतायचं नाही, पाणी श्वासनळीत गेलं की संपलं. आणि घरी पाळायचं तर अजिबात नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

अजून एक, घरट्याचा पत्ता टाकून फोटो पोस्ट करू नका, विशेषतः दिवाळीच्या आधी. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक (TRAFFIC) या संस्थेने २०१० मध्ये घुबडांच्या चोरट्या व्यापारावर रिपोर्ट काढला होता, जादूटोण्यासाठी आणि बळीसाठी मागणी असते आणि ती दिवाळीच्या सुमाराला वाढते. आमच्या ग्रुपवर मी हे टाकलं तर एकाने हसणारा इमोजी दिला, दिला तर दिला.

आरे किंवा नॅशनल पार्कच्या बाजूला राहणाऱ्यांनी अजून एक बघावं, तिथे जंगली पिंगळा पण आहे, ठिपक्यांऐवजी अंगभर आडव्या बारीक रेघा आणि पांढऱ्या भुवया जवळजवळ नाहीतच. आणि रानपिंगळा म्हणजे परत तिसराच, तो १८८४ नंतर कोणाला सापडलाच नव्हता, संपला असं धरून चालले होते, मग १९९७ मध्ये शहाद्याजवळ परत दिसला आणि २०१४ मध्ये तर तानसाच्या जंगलात, म्हणजे आपल्या नळाला पाणी येतं त्या तलावाशेजारी. पण तो काही तुमच्या एसीवर येणार नाही, तेवढी घाई करू नका.

आमचा वॉचमन गेली तीन वर्षं गेटजवळच्या गुलमोहरावरच्या पिंगळ्याला बच्चा म्हणतोय. मी दर वेळी सांगतो, बच्चा नहीं है, बडा है, आणि तो दर वेळी मान हलवतो, पिंगळ्यासारखीच. मागच्या मार्चमध्ये ड्युटी संपवून निघताना मला हाक मारून म्हणाला, साब, आपका बडावाला देखो, आज बच्चा लेके आया है. वर बघितलं तर वायरवर चौघं ओळीने बसलेले, मधल्या दोघांच्या डोक्यावर कापूस.