बोटीच्या मोटरीचा गियर एका झटक्यात का टाकावा

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात वल्ह्याच्या डोंग्यांसोबत आता आउटबोर्ड मोटरच्या, म्हणजे मागच्या काठाला बाहेरून मोटर बसविलेल्या बोटीही दिसतात. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडारा परिसरात बचाव पथकांच्या बोटी अशाच मोटरींच्या बळावर वस्त्यांपर्यंत पोहोचल्या. आपल्या खेड्यांतून ही मोटर हाताळायला शिकणाऱ्या तरुणाचा हात बहुधा आधी ट्रॅक्टरवर बसलेला असतो. क्लचवरचा पाय सावकाश सोडावा, म्हणजे यंत्राला धक्का बसत नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु बोटीच्या गियरला हाच सावकाशपणा घातक ठरतो.

ट्रॅक्टरच्या क्लचमध्ये घर्षणाच्या प्लेटा असतात आणि त्या एकमेकींवर घसरत वेगातील फरक हळूहळू भरून काढतात. बहुतेक आउटबोर्ड मोटरींमध्ये अशी प्लेट नसतेच. इंजिनापासून खाली पाण्यात उतरणाऱ्या उभ्या दांड्याच्या टोकाला पिनियन नावाचे लहान दातेरी चाक असते आणि ते बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या आडव्या दांड्यावरील दोन शंकूच्या आकाराच्या गियरांना एकाच वेळी फिरवितो. पिनियनच्या पुढच्या व मागच्या बाजूला असल्यामुळे हे दोन गियर परस्परांच्या उलट दिशांना फिरतात, म्हणून बोट मागे घेण्यासाठी इंजिन उलटे फिरवावे लागत नाही. न्यूट्रलमध्ये दोन्ही गियर दांड्याभोवती मोकळे फिरत राहतात आणि दांड्याला इंजिनाची ओढ लागत नाही.

या दोघांच्या मधोमध डॉग क्लच असतो. दांड्यावरील खाचांत बसलेला हा पोलादी तुकडा पुढे-मागे सरकू शकतो, मात्र दांड्याला सोडून स्वतंत्र फिरू शकत नाही. त्याच्या दोन्ही तोंडांवर जाड दात असतात. गियरची तरफ पुढे ढकलली की तो पुढच्या गियरमध्ये अडकतो आणि ‘खट्’ असा आवाज होऊन पंखा फिरू लागतो. हा आवाज बिघाडाचा नाही. तरफ हळू सरकविली, तर दात पूर्ण न बसता एकमेकांच्या कडांवर खडखडत राहतात, कडा झिजून गोल होतात आणि पुढे भार वाढताच गियर आपोआप निसटू लागतो.

मात्र तरफ झटक्यात टाकताना इंजिन मंद गतीवरच असले पाहिजे. समजा इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत आहे आणि पिनियनपेक्षा गियरला दुप्पट दात आहेत. तर थांबलेल्या दांड्याला 400 फेऱ्यांच्या गतीचा गियर पकडतो. इंजिन 3000 फेऱ्यांवर असेल, तर तीच गती 1500 होते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो घाव सुमारे 14 पट होतो. पुढच्या गियरमधून थेट मागच्या गियरमध्ये जाणे तर त्याहून वाईट, कारण पाण्याच्या वेगाने पंखा अजून पुढच्याच दिशेने फिरत असतो. न्यूट्रलमध्ये थांबून बोटीचा वेग उतरू द्यावा. हा नियम मी सर्वांत वर ठेवीन.

बंद इंजिनावर तरफ अडली तरी ती रेटू नये. दातांसमोर दात आलेले असतात आणि जोर लावल्यास आतली जोडणी वाकते.

गियर ठीक असूनही बोट हलत नाही, असेही घडते. अनेक पंख्यांच्या मध्यभागी रबराचे बूच दाबून बसविलेले असते. बुडीत क्षेत्रातील एखाद्या झाडाच्या बुंध्यावर पंखा आदळला, तर ते रबर घसरून गियरांना वाचविते. पण एकदा सैल झाले की मंद गतीत बोट चालते आणि जोर देताच इंजिन नुसते घोंघावते. अशा वेळी खडखड ऐकू येत नाही, यावरून हा दोष गियर निसटण्यापासून वेगळा ओळखता येतो.

वैनगंगेतील जलपर्णीइतकेच लक्ष जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याकडे द्यावे. तो पंख्यामागे दांड्याभोवती गुंडाळला गेला की तेथील पाणी रोखणारे सील कापतो, पाणी आत शिरते आणि गियर ऑइल दुधासारखे पांढरट होते. असे ऑइल दिसल्यास नुसते बदलून भागत नाही. इंजिन बंद करून त्याची सुरक्षा दोरी (जी काढल्यावर इंजिन चालू होत नाही) काढावी, पंखा उतरवून दोरा सोडवावा आणि सील नवे बसवून घ्यावे.