सकारात्मक स्वयंसूचना

स्वतःला उद्देशून, ठरवून आणि पुन्हा पुन्हा म्हटलेले हिताचे वाक्य म्हणजे सकारात्मक स्वयंसूचना. ते मनात म्हणतात, पुटपुटतात किंवा वहीत लिहितात. हल्ली 'अफर्मेशन' हा शब्दच जास्त कानावर पडतो. वाक्य छोटे, वर्तमानकाळी आणि नकार टाळणारे असावे असे सांगतात. 'मी घाबरणार नाही' ऐवजी 'मी शांत आहे'. सातारा-सांगलीकडे ही सवय दोन वाटांनी आली आहे. एक वाट मोबाइलवरच्या सुविचारांची, दुसरी घरातल्या बोलण्याची, आणि ही दुसरी फार जुनी आहे.

वास्तू 'तथास्तु' म्हणत असते, ही समजूत या भागातल्या बहुतेक घरांत अजून टिकून आहे. तिन्हीसांजेला कोणी 'माझं नशीबच फुटकं' म्हटले की आजी तिथल्या तिथे गप्प करते. निघताना 'जातो' म्हणायचे नाही, 'येतो' म्हणायचे. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. 'शुभ बोल नाऱ्या' म्हटल्यावर 'मांडवाला आग लागली' म्हणणाऱ्या नाऱ्याची म्हण याच धाकातून आली असावी. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीच्या बिरोबापुढे 'चांगभलं'चा गजर होतो, तोही सरळ भले चिंतणारा शब्द आहे. काटेकोरपणे पाहिले तर ही स्वयंसूचना नव्हे. इथे बोलण्याचा रोख वास्तूकडे, देवाकडे किंवा समोरच्याकडे असतो; स्वयंसूचनेत तो स्वतःकडे वळतो.

हे वळण समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांत स्पष्ट दिसते. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर त्यांची समाधी आहे. २०५ श्लोकांच्या या रचनेत ते मनाला 'मना' अशी हाक मारून बोलतात. कधी गोंजारतात, कधी दटावतात. तिचा हेतू भक्तीचा आणि आचरणाचा आहे, आत्मविश्वास वाढवण्याचा नाही. पण स्वतःपासून हातभर दूर उभे राहून स्वतःशी बोलण्याची ही तऱ्हा पुढे येणाऱ्या एका संशोधनाशी जुळते.

आधुनिक प्रकाराचा जनक म्हणून फ्रान्समधला औषधविक्रेता एमिल कुए (१८५७–१९२६) याचे नाव घेतात. औषध देताना त्याची तारीफ केली तर गिऱ्हाइकाला गुण जास्त येतो, हे त्याने दुकानात टिपले होते. 'दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होत आहे' अशा अर्थाचे वाक्य सकाळ-संध्याकाळ २० वेळा म्हणा, असे तो सांगे. मोजायला २० गाठींची दोरी. आपल्याकडच्या १०८ मण्यांच्या माळेपुढे ही दोरी तोकडीच. इच्छाशक्ती आणि कल्पना यांचा झगडा झाला की कल्पना जिंकते, असे त्याचे म्हणणे होते.

मानसशास्त्रात 'स्व-पुष्टी' ही कल्पना क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडली, पण तिचा आरशासमोर वाक्य म्हणण्याशी फारसा संबंध नाही. तिच्यावर आधारलेल्या प्रयोगांत माणसांना स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टींबद्दल, म्हणजे घर, मैत्री, श्रद्धा, कला यांबद्दल, चार ओळी लिहायला सांगतात. अमेरिकेतल्या शाळांत अशा लेखनाने काही विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचे २००६ मध्ये दिसले. पुढच्या प्रयोगांत परिणाम सगळीकडे तितकाच आला नाही. जोआन वुड आणि सहकाऱ्यांचा २००९ चा प्रयोग जास्त बोचरा आहे. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असे वाक्य घोकल्यावर स्वतःबद्दल आधीच वाईट मत असलेल्यांना आणखी वाईट वाटले. वाक्य मोठे आणि विश्वास छोटा असला की मन आतून 'छे!' म्हणते. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की ताणाच्या प्रसंगी 'मी' न म्हणता स्वतःला नावाने किंवा 'तू' म्हणून हाक मारली, तर धास्ती कमी होते.

मराठीत या प्रकाराची खरी अडचण भाषेची आहे. 'मी पुरेसा आहे' हे वाक्य इंग्रजीतून जसेच्या तसे उचललेले. पुरेशी आपल्याकडे आमटी असते, माणूस नव्हे. 'मी विपुलता आकर्षित करते' असे कोणी विट्याच्या एसटी स्टँडवर म्हणून पाहावे. उलट 'काय न्हाय हुत, चल' हे या भागातले रोजचे वाक्य संशोधनाच्या कसोटीला बऱ्यापैकी उतरते. त्यात स्वतःला हाक आहे, फुकाचा दावा नाही आणि शेवटचा शब्द क्रियापद आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरच्या घाटात धाप लागल्यावर 'मी विजेता आहे' कुणाला सुचत नाही. 'त्या वळणापर्यंत चल' सुचते. खेळाच्या मानसशास्त्रात अशा वाक्याला सूचनात्मक स्वसंवाद म्हणतात. तालमीतला वस्ताद पोराला ओरडून जे सांगतो, तेच पोरगा पुढे मनात म्हणू लागतो.

स्वयंसूचनेची मर्यादा सांगलीकरांना कृष्णेने शिकवली आहे. पुरात सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, 'आयर्विनला किती फूट?' सांगलीत कृष्णेवरच्या या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पायरीवर पाणी आल्यावर 'उतरणारच' म्हणून धीर येतो, पण नदी ते ऐकत नाही. अशा वेळी 'आधी कागदपत्रं, मग गहू माळ्यावर, मग म्हातारीला घेऊन बाहेर' हे वाक्य कामाचे. पाणी ओसरल्यावर गुडघाभर गाळ पाहून 'आज फक्त स्वयंपाकघर' म्हणणारी बाईसुद्धा स्वतःला सूचनाच देत असते, आणि ती पाळण्याजोगी असते.

रोजच्या वापरात वाक्य एखाद्या ठरलेल्या क्षणाला बांधले तर टिकते. 'पेपर हातात आला की आधी सगळे प्रश्न वाचीन' असे 'अमुक झाले की तमुक करीन' या साच्यातले बेत जास्त पार पडतात, असे पीटर गोलविट्झर यांचे संशोधन सांगते. दहावीच्या पोरांच्या कंपासपेटीत झाकणाच्या आतून चिकटवलेली चिठ्ठी असते, तिच्यावर 'मी ९५ टक्के मिळवणारच'पेक्षा हे वाक्य शोभेल. देव्हाऱ्याशेजारी, फ्रिजवर, स्कूटीच्या डिकीत अशा चिठ्ठ्या लावतात. आठवड्याभरात त्या दिसेनाशा होतात, म्हणून जागा बदलावी लागते.

नैराश्य किंवा सततची धास्ती असलेल्या माणसाला 'सकारात्मक बोल' एवढेच सांगणे हा उपचार नव्हे. न जमल्याचा दोष तो वर आणखी स्वतःलाच देतो. त्यासाठी डॉक्टर आणि समुपदेशक आहेत, तसेच शासनाची १४४१६ ही टेलि-मानस दूरध्वनी सेवाही आहे.